प्रमादाची जागा : ‘डाऊन टू द बोन’ या चित्रपटाच्या निमित्ताने

पंचशीलातील पाचवे शील आपण सारे नित्य म्हणतो. परंतु ते म्हणताना त्यातील शेवटच्या पदाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ या दीर्घ समासात सुरा आहे, मेरय आहे, मज्ज आहे आणि या सर्वांच्या शेवटी ‘पमादट्ठान’ आहे. ‘मी दारू पिणार नाही’ एवढा अर्थ घेऊन आपण पुढे जातो. तो अर्थ चुकीचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहेच. परंतु मद्य वर्ज्य का, याचे कारण त्या शेवटच्या पदात सांगितले आहे : ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, ‘ठान’ आहे म्हणून. ठान म्हणजे आधार, कारण, जागा. माणूस बेसावध होतो तो कोठेतरी उभा राहून होतो. ती जागा बाटलीत किंवा पुडीत असते, की घरात, नोकरीत, सोबतीतही असते, हा प्रश्न आमच्या मनात बराच काळ घोळत होता. एका अमेरिकन चित्रपटाने तो पुन्हा पुढे आणला. त्या चित्रपटात बुद्धाचे नावही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘डाऊन टू द बोन’ हा डेब्रा ग्रॅनिक या दिग्दर्शिकेचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २००४ च्या सनडान्स महोत्सवात तो दाखविला गेला. तेथे ग्रॅनिक यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक आणि प्रमुख भूमिका करणाऱ्या वेरा फार्मिगा यांना अभिनयासाठी परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. पुढे लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांनी २००५ ची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून फार्मिगा यांचीच निवड केली. चित्रपटाचे बीज ग्रॅनिक यांच्या ‘स्नेक फीड’ या १९९७ च्या लघुपटात आहे. व्यसनातून सावरू पाहणाऱ्या खऱ्या माणसांच्या परिचयातून तो लघुपट घडला होता. मोठ्या चित्रपटाची पटकथा ग्रॅनिक यांनी रिचर्ड लिस्के यांच्यासह लिहिली. मोठ्या निर्मितीसंस्थेचे पाठबळ नाही, नामवंत नट नाहीत, चित्रीकरण साध्या डिजिटल व्हिडिओवर. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती येतात. हा चित्रपट त्याच राज्याच्या उत्तरेकडील अल्स्टर परगण्यात घडतो. लहान गावे, हिवाळा, बर्फाचा चिखल आणि एका मोटारगाडीवाचून जेथे कोठेही जाता येत नाही असे रस्ते.

आयरीन ही दोन मुलांची आई. सुपरमार्केटमध्ये बिलाच्या काउंटरवर ती काम करते. पती स्टीव्ह दुष्ट नाही, मारझोड करणारा नाही. पण तोही त्याच सवयीतला. आयरीन कोकेनच्या आहारी गेलेली आहे आणि ही गोष्ट तिने लपवून, जपून, संसाराच्या वेळापत्रकात नीट बसविली आहे. आमच्या मते चित्रपटाचे पहिले यश येथेच आहे. व्यसनी आई म्हटली की पडद्यावर विस्कटलेले केस, रिकामे पातेले आणि रडणारे मूल येते. येथे मुलांना वेळेवर खायला मिळते, ती शाळेत जातात. व्यसन घराबाहेर उभे नाही, ते घर चालविण्याच्या यंत्रणेचाच एक भाग झाले आहे.

आणि मग तो चेकचा प्रसंग येतो. मुलाच्या वाढदिवसानिमित्त आलेला भेटीचा चेक घेऊन आयरीन पुडी विकणाऱ्याकडे जाते. तो विक्रेता तो चेक घेण्यास नकार देतो.

या प्रसंगात आरडाओरड नाही, पार्श्वसंगीताची चढण नाही. एक स्त्री चेक पुढे करते आणि एक पुरुष तो मागे सारतो, बस. परंतु त्या क्षणी आयरीनला स्वतःचा चेहरा दिसतो, आणि तो दिसतो कोणाच्या आरशात? विष विकणाऱ्याच्या. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. हा माणूस त्यांपैकी एक व्यापार करतो आणि तरीही लहान मुलाच्या नावाचा कागद हातात घेण्याची त्याला लाज वाटते. दिग्दर्शिकेने त्याला सज्जन ठरविलेले नाही. दुसऱ्या दिवशी तो आपला धंदा करणारच आहे. पण माणसातील लज्जा, ज्याला आपल्या परंपरेत ‘हिरी’ म्हणतात, ती सर्वस्वी मेलेली नसते, एवढे तिने दाखविले आहे. असे बारकावे केवळ अभ्यासाने येत नाहीत, माणसांत राहिल्याने येतात.

यानंतर आयरीन स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होते. कोणी तिला ओढत नेत नाही. एखाद्या सामान्य चित्रपटात हा शेवट झाला असता. येथे खरी कथा केंद्रातून बाहेर पडल्यावर सुरू होते आणि आम्हास सर्वाधिक महत्त्वाचा वाटलेला भाग त्यातच आहे.

आयरीन पुन्हा काउंटरवर उभी राहते. आता ती शुद्धीत आहे, डोळे स्वच्छ आहेत, आणि तिचा वेग कमी झाला आहे! कोकेनच्या जोरावर तिचे हात झरझर चालत, गिऱ्हाइकांची रांग लवकर सरे. व्यवस्थापनाला तेव्हा ती उत्तम कामगार वाटत होती. आता ती मंद आहे. जिने आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण काम नुकतेच केले आहे, तिला त्या कामाची शिक्षा म्हणून नोकरी गमवावी लागते. प्रमादाचे स्थान कोठे आहे, हा आमचा प्रश्न येथे एकदम उलटा होऊन समोर येतो. नशेत असताना ती मालकाच्या हिशोबात ‘सावध’ होती. सावध झाल्यावर ती निरुपयोगी ठरली. म्हणजे नशा तिला जितकी हवी होती, तितकीच त्या काउंटरलाही हवी होती, फक्त काउंटरने ती कधी मागितली नव्हती. कष्टकऱ्यांच्या व्यसनाविषयी बोलताना आपण त्यांच्या इच्छाशक्तीविषयी फार बोलतो आणि त्यांच्या कामाच्या वेगाविषयी, तासांविषयी, थकव्याविषयी फार कमी बोलतो. गटारात उतरणाऱ्या माणसाने आधी दारू का घेतली, हे विचारण्यापूर्वी त्याला गटारात कोणी उतरविले हे विचारावे लागते. ते आपण जाणतो. पण चित्रपटाच्या दोन-तीन मिनिटांत ते इतक्या कोरडेपणाने मांडलेले आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

घरी परतल्यावरही तेच. पतीने स्वतःला बदललेले नाही. त्याच खोल्या, तीच माणसे, तीच संध्याकाळ. आयरीनला कोणी बळजबरी करीत नाही. तिला फक्त त्याच जागी पुन्हा उभे केले जाते. प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हेतू आणि प्रत्यय जसेच्या तसे ठेवायचे आणि फळ मात्र वेगळे मागायचे, असा हा व्यवहार आहे.

नशेचे चित्रण करताना बहुतेक दिग्दर्शक मोहात पडतात, आणि तो मोहही एक प्रकारची नशाच. २००० साली आलेल्या डॅरेन अ‍ॅरोनोफ्स्की यांच्या ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ या चित्रपटात सारा गोल्डफार्ब नावाची एक वृद्ध आई आहे. दूरचित्रवाणीवर झळकण्याच्या आशेने ती वजन उतरविणाऱ्या गोळ्या घेते आणि त्या गोळ्यांतच बुडते. एलन बर्स्टिन यांनी ती भूमिका अंगावर काटा यावा अशी केली आहे. पण चित्रांची कापाकापी, फुगलेल्या बाहुल्या, घरात चालू लागणारा फ्रीज यांचा मारा इतका की पाहणारा स्वतःच भोवंडून जातो. भोवंड उतरली की मागे काय राहते, ते वाचकांनी पाहून ठरवावे. ग्रॅनिक यांचा कॅमेरा आयरीनच्या डोक्यात शिरत नाही. तो तिच्या शेजारी बसून राहतो.

आता बॉबकडे वळतो. तो केंद्रातील परिचारक आहे आणि पूर्वी स्वतः हेरॉइनच्या (आपल्याकडे ज्याच्या भेसळीच्या रूपाला ‘गर्द’ म्हणत) आहारी गेलेला होता. ह्यू डिलन यांनी ही भूमिका फार हळुवार केली आहे. आयरीनला जे कोणालाच सांगता येत नाही ते बॉबला न सांगता कळते. दोघे जवळ येतात. व्यसनमुक्तीच्या स्वमदत गटांत नव्याने सावरणाऱ्यास पहिले एक वर्ष नव्या प्रेमसंबंधापासून दूर राहण्याचा सल्ला देण्याचा प्रघात आहे. प्रेक्षक म्हणून प्रथम तो सल्ला आपणास रुक्ष वाटतो. पुढे बॉब पुन्हा घसरतो आणि आयरीनचाही तोल जातो, तेव्हा तो रुक्ष वाटत नाही.

कल्याणमित्र म्हणजे कोण, याची चर्चा आपल्या अभ्यासवर्गांत नेहमी होते. सहानुभूती असणारा, आपले दुःख ओळखणारा, तो कल्याणमित्र असे सहज म्हटले जाते. बॉबमध्ये हे सर्व आहे. तो ढोंगी नाही, तिला फसवीत नाही. त्याच्यात जे नाही ते एवढेच की तो स्वतः घट्ट जमिनीवर उभा नाही. दोन बुडणारी माणसे एकमेकांना धरतात तेव्हा त्या मिठीत प्रेम असते, हे खोटे नव्हे. चित्रपट ते प्रेम नाकारीत नाही, आणि त्यामुळेच तो अधिक बोचतो. मात्र उत्तरार्धात या प्रेमकथेने जागा फार व्यापली आहे, असे आमचे मत आहे. पंधरा मिनिटे कमी असती तर चालले असते.

तिला खरा हात देते ती लूसी. केंद्राच्या ओळखीतली ही स्त्री, पोर्तोरिकन वंशाच्या कवयित्री कारिदाद दे ला लूस यांनी उभी केलेली. नोकरी गेल्यावर आयरीन लूसीबरोबर लोकांची घरे स्वच्छ करण्याचे काम धरते. लूसी उपदेश करीत नाही. बादली, फडकी आणि कामाचा पत्ता देते. आम्हास येथे पटाचारेची आठवण झाली. पती, दोन मुले, आईवडील, सारे एका फेऱ्यात गमावून भान हरपलेली ती स्त्री अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध नसलेल्या अवस्थेत जेतवनात शिरली तेव्हा लोक तिला ‘वेडी’ म्हणून हाकलू लागले. तथागतांनी तिला भगिनी म्हणून संबोधिले आणि हरपलेली स्मृती परत मिळविण्यास सांगितले. एवढे आपण आवर्जून सांगतो. पण अट्ठकथेत आणखी एक माणूस आहे, ज्याचे नाव नाही. त्याने आपले पांघरूण तिच्या अंगावर टाकले. पटाचारेचे दुःख आणि आयरीनची अवस्था एक नव्हे. एकीवर आपत्ती कोसळली, दुसरीने ती अंशतः हाताने ओढवली, हा भेद पुसण्याचा आमचा हेतू नाही. परंतु स्मृती परत येईपर्यंत अंगावर काहीतरी असावे लागते, आणि ते टाकणारा कोणी असावा लागतो. लूसी तो माणूस आहे.

हा चित्रपट आम्ही काही जणांनी एकत्र बसून पाहिला, आणि इंग्रजी संवाद थांबवून थांबवून मराठीत सांगितले. पाहून झाल्यावर आमच्यातील एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांचे निम्मे आयुष्य नवऱ्याच्या दारूशी झगडण्यात गेले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई केंद्रात गेली, मित्राकडे गेली, कामाला गेली. पोरं रात्री कोणापाशी निजली, ते का नाही दाखवलं?” कोणीतरी उत्तर दिले की चित्रपट आईचा आहे, मुलांचा नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “आईचा असता तर पोरं दिसली असती.”

या आक्षेपाचे उत्तर आम्हास अद्याप सापडलेले नाही. मुले चित्रपटात आहेत, पण ती बहुतेक वेळा आयरीनच्या डोळ्यांतून, तिच्या अपराधभावनेच्या काचेतून दिसतात. ती काय समजतात, काय लपवितात, आईच्या पावलांच्या आवाजावरून दिवस कसा जाणार हे ओळखण्यास कधी शिकतात, हे आपल्याला कळत नाही. व्यसनी घरातले मूल हे त्या घरातील सर्वांत सावध माणूस असते. ज्या अप्रमादाची आपण साधना करतो तो त्याच्यावर भयाने लादलेला असतो. ग्रॅनिक यांना ही उणीव स्वतःलाही जाणवली असावी, असा आमचा तर्क आहे. त्यांच्या २०१० च्या ‘विंटर्स बोन’ या चित्रपटात पाहणी नेमकी उलटी होते. तेथे अमली द्रव्य बनविणारा बाप पडद्यावर येतच नाही आणि सतरा वर्षांची मुलगी आजारी आई व दोन धाकट्या भावंडांचे घर राखण्यासाठी त्याचा शोध घेत वणवण फिरते. २०१८ च्या ‘लीव्ह नो ट्रेस’मध्येही युद्धाने मोडलेल्या बापाकडे आपण मुलीच्या बाजूने पाहतो. पहिल्या चित्रपटात राहून गेलेला प्रश्न दिग्दर्शिकेने पुढे दोनदा विचारला. त्या उपासिकांना हे दोन्ही चित्रपट दाखवावयाचे आहेत.

दुसरा आक्षेप आमचा स्वतःचा आहे, आणि तो चित्रपटापेक्षा त्या चित्रपटाच्या भोवतालाविषयी आहे. आयरीन गोरी आहे. चित्रपट हे कोठे सांगत नाही, कारण त्याला ते सांगावे लागत नाही. ती केंद्रात स्वतःच्या पायांनी जाऊ शकते आणि परत आपल्या मुलांच्या घरी येऊ शकते. ज्या न्यूयॉर्क राज्यात हे घडते तेथे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या कारकिर्दीत १९७३ साली अमली द्रव्यांविषयी असे कायदे झाले की काही औंस माल सापडल्यास किमान १५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा होई. त्या कायद्यांखाली तुरुंगात गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे होते. सक्तीच्या किमान शिक्षा बऱ्याच अंशी हटल्या त्या २००९ मध्ये. केंद्र सरकारचा कायदा याहून बोलका. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक बाळगणाऱ्या विक्रेत्यास जी किमान ५ वर्षांची शिक्षा ठरविली, ती कोकेनच्या भुकटीच्या बाबतीत ५०० ग्रॅमला लागू होई. द्रव्य मुळात एकच; खडा गरीब काळ्या वस्त्यांत विकला जाई, भुकटी गोऱ्या दिवाणखान्यांत. एकास शंभर हे प्रमाण २०१० मध्ये एकास अठरा झाले, समान झाले नाही. अपराध एक आणि दंड वर्णाप्रमाणे, ही व्यवस्था आपणास कोणी नव्याने शिकवावी लागत नाही. मनुस्मृतीच्या वाचकास ती पाठ आहे. योगायोग असा की त्याच १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. एकीकडे कोठडी, एकीकडे दवाखाना.

म्हणून ‘डाऊन टू द बोन’ पाहणाऱ्याने त्याच्या सोबतीस २०१६ चा ‘मूनलाइट’ पाहावा, अशी आमची शिफारस आहे. बॅरी जेन्किन्स यांनी मायामीच्या लिबर्टी सिटी या काळ्या वस्तीत तो घडविला आहे. जेन्किन्स आणि मूळ नाट्यलेखक टॅरेल अल्विन मॅक्रेनी दोघेही त्याच वस्तीत वाढले आणि दोघांच्याही आयांना क्रॅकने ग्रासले होते. त्यातील पॉला ही आई, नेओमी हॅरिस यांनी साकारलेली, आरंभी परिचारिकेचे काम करते. पुढे मुलाकडूनच पैसे हिसकावून घेते. तेथेही पुडी विकणारा एक माणूस आहे, हुआन. तो पॉलाच्या मुलाला पोटाशी धरतो, पोहायला शिकवितो. एके दिवशी ते मूल जेवणाच्या टेबलाशी बसून त्याला विचारते की तुम्ही तो माल विकता का आणि माझी आई तो घेते का. हुआन खोटे बोलत नाही. मान खाली घालून होकार देतो. आयरीनच्या चेककडे पाहून ज्याने हात मागे घेतला तो विक्रेता आणि हा हुआन, दोघांच्या मध्ये आम्हास एक लांब रस्ता दिसतो. चेक नाकारणे सोपे असते, मुलाला उत्तर देणे कठीण. शेवटच्या भागात पॉला अटलांटाजवळच्या एका केंद्रात राहते, तेथेच काम करते, आणि वाढून कठोर झालेल्या मुलाची क्षमा मागते. मूल आईला सोडून न गेल्याने आणि आई मुलाजवळ बोलल्याने तेथे जे घडते, ते आमच्या उपासिकांच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते.

असे असूनही आम्ही आयरीनकडेच परत येतो. ‘मूनलाइट’ अधिक सुंदर आहे. ‘डाऊन टू द बोन’ अधिक निकट. त्याच्या शेवटी आयरीन बरी झाली, असे जाहीर होत नाही. बॉबला जवळ करायचे की दूर ठेवायचे हे तिला ठरवावे लागते, आणि ते प्रेम कमी झाले म्हणून नव्हे. वेरा फार्मिगा यांचा चेहरा येथे काही सांगत नाही, आपणच तो वाचत बसतो. सकाळी तिला दुसऱ्या कोणाचे तरी घर झाडायला जायचे आहे. त्या घराच्या मालकिणीच्या औषधांच्या कपाटात कोणत्या गोळ्या असतील, याचा विचार आमच्या मनात आला. तो तिच्याही मनात येऊन गेला असेल, आणि तरी तिने बादली उचलली असेल.